अरण्यांतील मुक्काम आणि यादींतील नांवें

आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत प्रवासाचा बेत ठरतो तो प्रथम स्वयंपाकघरांत, मग ओसरीवर, आणि ज्याला पैसे द्यावयाचे असतात त्याच्या कानीं तो सर्वांत शेवटीं जातो. गेल्या वर्षीं दिवाळीनंतरच्या सुट्टींत मात्र हा क्रम उलटा झाला. माझ्या पुतण्यानें एके रात्रीं मोबाइलवर बोटें फिरविलीं, आणि सकाळच्या चहाच्या वेळीं आम्हांस सांगितलें कीं, सातपुड्याच्या पायथ्याशीं, नदीकांठच्या एका वननिवासांत आपली जागा राखून ठेविली आहे. पैसेही भरून झाले आहेत.

“पैसे कशाचे?” थोरल्या काकांनीं विचारलें.

“राहण्याचे, आंत शिरण्याचे, गाडीचे, वाटाड्याचे. कॅमेरा नेला तर त्याचे निराळे.”

काकांनीं चष्मा काढून खालीं ठेविला. “म्हणजे नदी देवाची, झाडें देवाचीं, चांदणें देवाचें, आणि पावती मात्र सरकारची!”

सगळीं हसलीं, पण काकांचा प्रश्न केवळ थट्टेचा नव्हता. त्यांचें बालपण सोनाळ्यास गेलेलें. कार्तिकांत आवळीभोजनासाठीं वान नदीच्या कांठीं बैलगाड्या सोडावयाच्या, तीन धोंडे मांडून पिठलें-भाकरी करावयाची, वारीच्या हनुमंताचें दर्शन घ्यावयाचें आणि दिवेलागणीला घरीं यावयाचें, हा त्यांचा दरवर्षींचा परिपाठ होता. त्या सुखाची किंमत कधीं कोणीं मागितली नव्हती. अशा मनुष्यास नदीकांठीं बसण्याचें शुल्क विचित्र वाटलें तर त्यांत नवल नाहीं. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर शोधावें म्हणूनच आजचा हा लेख आहे. परंतु तें उत्तर आम्हांस जेथें सांपडेल असें वाटलें होतें तेथें तें सांपडलें नाहीं. म्हणून आधीं त्या दिवशीं काय घडलें तें सांगतों.

पुतण्यानें नांवें दिलीं होतीं चार: काकांचें, माझें, स्वतःचें व त्याच्या बहिणीचें. ज्यांचीं ओळखपत्रें त्याला रात्रीं हाताशीं मिळालीं त्यांचीं नांवें त्यानें घातलीं. पण खामगांवाहून निघतांना आम्ही नऊजण होतों! जेथें चौघांची सोय होते तेथें नऊजणांची होतेच, हा एकत्र कुटुंबाचा सिद्धान्त आहे. मुलें कोणाच्या तरी कुशींत निजतात, पुरुषमंडळी व्हरांड्यांत पथाऱ्या पसरतात, आणि भात थोडा अधिक शिजवितां येतो. काकांच्या थोरल्या भगिनी, आमच्या आक्का, त्याही ह्याच विश्वासानें गाडींत बसल्या होत्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. वानेचा कांठ एकदां पुन्हा पाहावा ही त्यांची किती वर्षांची इच्छा! डब्यांत त्यांनीं आवळ्याचें लोणचें घेतलें होतें, आणि पिशवींत, कोणाला न सांगतां, एक लहान शेगडी.

फाटकावरच्या रखवालदारानें यादी पाहिली, ओळखपत्रें पाहिलीं, आणि अत्यंत नम्रपणें सांगितलें, “साहेब, यादीत चारच नावं हायेत.”

आम्हीं समजावून पाहिलें. काकांनीं वयाचा आधार घेतला, मीं ओळखी सांगून पाहिल्या, वहिनींनीं तर त्याला लाडू देऊं केला. तो हंसला, लाडू घेतला नाहीं, आणि फाटकही उघडलें नाहीं. त्याचा दोष तिळमात्र नव्हता. आंत किती माणसें रात्रीं राहतील हें त्यानें ठरविलेलें नव्हतें. जितकीं ठरलीं आहेत तितकींच आंत जावींत एवढेंच त्याचें काम होतें, आणि तें तो चोख बजावीत होता.

पांचजणांनीं परतावें हें ठरलें, तेव्हां आक्का म्हणाल्या, “तुम्ही जा रे. माझें काय, मी येथूनच हात जोडतें.” हें ऐकून काका गाडींतून उतरले. बहीण बाहेर आणि आपण आंत, हें त्यांना होईना. अखेर आम्ही नऊहीजण फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखालीं बसलों. चार जागा त्या रात्रीं रिकाम्या राहिल्या. ज्या दुसऱ्या कुटुंबाला त्या मिळाल्या असत्या, त्यालाही आम्हीं मुकविलें, हें नंतर लक्षांत आलें.

कडुनिंबाखालीं एक कोरकू बाई चहा करीत होती. आक्कांचा हिरमुसलेला चेहरा पाहून तिनें विचारपूस केली, आणि मग सहज म्हणाली, “मायबाई, आमचं गाव आतच होतं. तवा आत जायाले पावती नव्हती लागत. आता आमचंबी नाव यादीत लागते.”

तक्रारीचा सूर त्यांत नव्हता. पण काका एकाएकीं गप्प झाले, आणि घरीं येईपर्यंत देवाच्या नदीविषयीं पुन्हा बोलले नाहींत.

आतां त्या पावतीकडे वळूं. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या उतारावर अंबाबरवा अभयारण्य आहे. तें एकटें नाहीं. वान, नरनाळा व मेळघाट हीं अभयारण्यें आणि अमरावती जिल्ह्यांतील गुगामल राष्ट्रीय उद्यान ह्यांच्यासह तें मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. १९७३ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प निवडण्यांत आले त्यांत मेळघाट होता. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार ह्या पांच नद्या ह्याच रानांतून वाहत जाऊन तापीला मिळतात. सिपनेच्या कांठचीं कोलकास व सेमाडोह हीं मुक्कामाचीं स्थळें विदर्भांतील पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचीं आहेत. वानेच्या धरणाचें पाणी अकोला व बुलढाणा ह्या दोन्ही जिल्ह्यांतील गांवें पितात. म्हणजे हें रान आपण पाहावयास गेलों नाहीं तरी त्याचें ऋण आपल्या माठांत रोज येऊन पडतच असतें.

अशा ठिकाणीं शिरण्यास परवाना लागतो, तो कोणा अधिकाऱ्याच्या लहरीमुळें नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २८ व्या कलमांत, कोणत्या कामासाठीं प्रवेश देतां येतो तें सांगितलें आहे. वन्यप्राण्यांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आंत राहणाऱ्यांशीं रीतसर व्यवहार, हीं तीं कामें. आणि ठरलेलें शुल्क व अटी ह्यांवर हा परवाना द्यावयाचा असतो. राष्ट्रीय उद्यानांसही हाच नियम लागतो. आक्कांच्या शेगडीचाही विचार कायद्यानें केलेला आहे. ३० व्या कलमान्वयें अभयारण्यांत आग लावणें वा जळतें कांहीं मागें ठेवणें हा गुन्हा आहे. महाराष्ट्रांत १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतात. त्या दिवसांत सागाचीं पानें गळून कागदासारखीं वाळलेलीं असतात. आपल्या तीन धोंड्यांच्या चुलींतली एक ठिणगी पुरे होते.

पण काकांचा मूळ प्रश्न राहतोच: हे पैसे जातात कोठें? पूर्वीं अशा ठिकाणचें उत्पन्न सरकारी तिजोरींत जमा होई, आणि रानाला त्याचा गंधही लागत नसे. २००६ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठीं व्याघ्रसंवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. पर्यटकांनीं दिलेलें शुल्क ह्या प्रतिष्ठानाकडे राहावें, आणि रानाच्या व्यवस्थेवर व भोंवतालच्या गांवांच्या हितासाठीं तें खर्च व्हावें, असा त्याचा हेतु आहे. वाटाड्याचा पैसा तर प्रत्यक्ष त्या गांवच्या तरुणाच्या हातीं पडतो. तेव्हां शुल्काकडे नदीची किंमत म्हणून पाहूं नये. यात्रेच्या गांवीं आपण धर्मशाळेच्या पेटींत कांहीं टाकतों, तें देवाचें मोल नसून पाठीमागून येणाऱ्या यात्रेकरूच्या सोयीसाठीं असतें, तसेंच हें.

आणि खरें पाहतां शुल्कापेक्षां संख्येचें बंधन अधिक महत्त्वाचें आहे. २०१२ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यांतील पर्यटनच तात्पुरतें थांबविलें होतें. ऑक्टोबरांत बंदी उठली ती नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह. गाभ्याचा वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठीं वापरूं नये, तेथें नवीं बांधकामें करूं नयेत, आणि रानाला सोसेल तितक्याच गाड्या व माणसें सोडावींत, असें त्यांत सांगितलें आहे. आगाऊ नोंदणी म्हणजे ह्या “सोसेल तितक्या”चा हिशेब. आम्ही नऊजण त्या हिशेबांत चार म्हणून लिहिलों गेलों होतों. फाटक उघडलें असतें तर पांच माणसांनीं वाघ पळाला असता असें नाहीं; पण प्रत्येक कुटुंब आमच्याच सिद्धान्तानें आलें असतें तर?

हें बंधन कोणासाठीं, हें समजण्यास आपल्याच जिल्ह्यांतील दुसरें उदाहरण घ्यावें. बुलढाणा व खामगांव ह्यांच्या मध्यें, अजिंठ्याच्या डोंगररांगेंत, ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ सालीं घोषित झालेलें हें रान सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें. अस्वलांसाठीं व बिबट्यांसाठीं तें प्रसिद्ध आहे. वाघाची वस्ती मात्र तेथें नव्हती. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर येथें जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्यें आपलें रान सोडून निघाला. त्याच्या गळ्यांत शास्त्रज्ञांनीं पट्टा बांधलेला होता. त्यामुळें त्याची वाट नकाशावर उमटत गेली. शेतें, नाले, रस्ते ओलांडीत, मध्यंतरीं तेलंगणांत जाऊन येऊन, तो त्या वर्षाच्या डिसेंबरांत ज्ञानगंगेच्या रानांत येऊन थांबला. २०२० च्या मार्चांत पट्टा काढला तोंवर त्याची चाल सुमारें तीन हजार किलोमीटर भरली होती. पुढें २०२१ सालीं तो गौताळा अभयारण्यांत आढळला. त्यानें कोठेंही आगाऊ जागा राखून ठेविली नव्हती. आपणांसारख्यांनीं पुरेशी जागा मोकळी सोडली होती म्हणूनच त्याला मुक्काम मिळाला.

वैशाखी पौर्णिमेस अशा रानांतील पाणवठ्यांवर मचाणें बांधून प्राणी मोजण्याची जुनी पद्धत आहे. उन्हाळ्यांत पाणी थोडें, चांदणें स्वच्छ, आणि तहानेला लाज नाहीं. म्हणून ती रात्र. वाघांची खरी गणना आतां आपोआप छायाचित्रें घेणाऱ्या यंत्रांनीं होते. त्यामुळें मचाणावरची ही रात्र मुख्यतः नागरिकांना निसर्गाचा अनुभव मिळावा म्हणून असते, आणि तिच्यासाठींही शुल्क व नांवनोंदणी आहे. एका मचाणावर मोजकींच माणसें, आणि सोबतीला वनकर्मचारी. सारी रात्र न बोलतां बसावयाचें. आमच्या घरांतील किती माणसें ह्या परीक्षेंत उतरतील हें न विचारलेलें बरें.

आतां चहावाल्या बाईच्या वाक्याकडे यावयास हवें. कारण काकांच्या प्रश्नाचें खरें उत्तर तेथें होतें. आपण ज्या शांततेसाठीं शुल्क भरतों, ती शांतता रानांत कशी आली? मेळघाटच्या गाभ्यांतील गांवें एकामागून एक बाहेर नेण्यांत आलीं. ह्या शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा व कुंड हीं उठलीं. पुढें अकोट बाजूचीं गांवें उठलीं. २००८ पासून अशा प्रत्येक कुटुंबास दहा लक्ष रुपये देण्याचा प्रघात होता. २०२१ सालीं ती रक्कम पंधरा लक्ष झाली. कित्येकांना शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आला, हें खरें. कित्येकांना मनासारखी जमीन मिळाली नाहीं, हाती आलेला पैसा टिकला नाहीं, हेंही खरें. २०१९ च्या जानेवारींत असंतुष्ट गांवकरी आपल्या जुन्या गांवीं परत शिरले असतां केलपाणी येथें त्यांच्यांत व शासकीय कर्मचाऱ्यांत झटापट झाली, आणि दोन्हीकडचीं माणसें जखमी झालीं. ह्या प्रकरणांत न्याय कोणाच्या बाजूला किती, हें खामगांवच्या ओसरीवर बसून ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपण एका रात्रीचें मोल देतों. कोणीं तरी आपल्या साऱ्या रात्री तेथून उचलून आणल्या आहेत. पावतीवरील आंकडा पाहून कपाळाला आठी घालण्यापूर्वीं हा दुसरा आंकडा आठवावा.

नोंदणीच्या नव्या रीतीचा एक गुण मोकळेपणानें सांगितला पाहिजे. वनखात्याचीं विश्रामगृहें मूळचीं फिरतीवरील अधिकाऱ्यांसाठीं बांधलेलीं. तेथें इतरांस खोली मिळे ती बहुधा कोणाच्या तरी चिठ्ठीवर. ज्याचा मेहुणा कचेरींत त्याला सिपनेचा कांठ, आणि बाकीच्यांना त्याचें वर्णन! आतां ज्याचें नांव आधीं, त्याची जागा आधीं. पण ह्यांतही एक उणीव आहे. ज्याला मोबाइलवर भराभर बोटें फिरवितां येतात आणि ज्याच्या खात्यांत पैसे आहेत, त्याचेंच नांव आधीं लागतें. संग्रामपूर वा मोताळा तालुक्यांतील शाळेचीं मुलें आपल्याच डोंगराच्या फाटकाबाहेर राहूं नयेत, म्हणून वर्षांतील कांहीं दिवस त्यांच्यासाठीं अल्प शुल्कांत अगर शुल्कावांचून राखून ठेवावेत. रान राखावयाचें तें उद्यां ह्याच मुलांना.

घरोघरच्या कर्त्यांना चार गोष्टी अनुभवानें सांगतों. जितकीं माणसें जावयाचीं तितक्या सर्वांचीं नांवें प्रथमच द्यावीं, तान्हें मूलही विसरूं नये. आणि ज्या ओळखपत्रावरून नांव लिहिलें तेंच सोबत न्यावें. राहण्याच्या रकमेंत जेवण, गाडी, वाटाडी व कॅमेरा ह्यांपैकीं काय धरलें आहे आणि काय निराळें, तें पैसे भरण्यापूर्वीं वाचून पाहावें. पावसाळ्याचे महिने गाभा बंद असतो. आषाढांतील बेत करूं नयेत. जाणें रद्द झालें तर वेळेवर कळवावें. रिकामी राखलेली जागा म्हणजे पानावर वाढून न जेवतां उठण्यासारखें आहे. सरपण, शेगडी, स्टोव्ह घरीं ठेवावे. आणि गाणीं म्हणावयाची हौस असेल तर ती खामगांव स्टेशनपर्यंतच पुरवून घ्यावी.

आमच्या घरीं ह्या प्रसंगाचा एक परिणाम झाला. माघांत पुन्हा बेत निघाला तेव्हां पुतण्यानें मोबाइल हातीं घेतला, आणि काका म्हणाले, “पहिलें नांव आक्काचें घाल.” ओळखपत्र शोधतांना अर्धा तास गेला. शेवटीं तें त्यांच्या पोथीच्या बासनांत मिळालें. त्यावरचें नांव पुतण्यानें मोठ्यानें वाचलें आणि घरांतील मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. तें आक्कांचें सासरचें नांव. त्या घरांत त्या अवघीं सहा वर्षें होत्या. परत माहेरीं आल्यावर त्या नांवानें त्यांना कोणीं हांक मारली नव्हती. आमच्याच छपराखालीं पन्नास वर्षें राहिलेल्या मनुष्याचें पूर्ण नांव आमच्या तरुण पिढीस त्या संध्याकाळीं प्रथम कळलें. चार नांवांची यादी करतांना पुतण्याला तें सुचलें नाहीं, ह्याबद्दल त्याला एकट्याला काय बोलावें?

ह्या वेळीं आम्ही सहाजण गेलों, आणि सहाजणांचीं नांवें यादींत होतीं. कडुनिंबाखालीं थांबून चहा घेतला. बाईनें आक्कांना ओळखलें, आणि फाटक उघडलें तेव्हां तीही उठून पाहत उभी राहिली. तिन्हीसांजेला आक्का नदीकांठच्या एका दगडावर बसल्या. तेथें चूल नव्हती, गलका नव्हता. पुष्कळ वेळानें त्या म्हणाल्या, “लहानपणीं आम्ही येथें एवढा गोंगाट करीत असूं कीं, पाणी वाजतें हें मला माहीतच नव्हतें.”

काका कांहीं बोलले नाहींत. शुल्काची ती पावती हल्लीं आक्कांच्या पोथींत, ओळखपत्राशेजारीं ठेविलेली आहे.